हवं ते घ्या

मागायचं तर बदल्यात काय देणार ते सांगून मागायचं, एवढी अक्कल नोंगसिम गावात दुधाचे दात न पडलेल्या पोरालाही असते. गावाच्या उत्तरेला देवराई आहे, तिच्यात पूता, म्हणजे गावाचा राखणदार, राहतो. गाव वसलं त्याच्याही आधीपासून तो तिथे आहे, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणतात. आजोबा सहसा कुणाला नाही म्हणत नाहीत, पण बोलणं पक्कं हवं. इतक्या कोंबड्या, तांदळाच्या दारूच्या इतक्या बाटल्या, अमक्या दिवसाच्या आत. बोललात ते दिलंत की तुम्ही मोकळे. "हवं ते घ्या" एवढं मात्र म्हणायचं नाही. बाजारात मासेवालीशी घासाघीस करून जीव मेटाकुटीला आला तरी नोंगसिमची बाई तिला "घे बाई हवं ते" असं म्हणणार नाही. जीभ चावेल, पण म्हणणार नाही.

खामसिंगचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याची म्हैस हरवली. तीन दिवस रानं पालथी घातली, मिळेना. तेव्हा वैतागून तो देवराईच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, आजोबा, म्हैस आणा, बदल्यात हवं ते घ्या. संध्याकाळी म्हैस आपल्या पायांनी चालत घरी आली. चार महिन्यांनी त्याची बायको भर दुपारी गुडघाभर पाण्यात भात लावत होती, ती वाकली ती उठलीच नाही. तिला आधीपासून हृदयाचं दुखणं होतं, असं तालुक्याचे डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय घेऊन बसलात, ते बाहेरगावचे.

तर हे सगळं पिकुनला माहीत होतं. सव्वीस वर्षांची बाई, रस्त्याकडेला भाजलेल्या कोंबडीचा गाडा चालवणारी, नोंगसिमच्या महिला संघाची गोलकीपर. आई गेल्यापासून धाकट्या बहिणीला, सायरुंगला, तिनेच वाढवलं होतं. बाप दक्षिणेत कारखान्यात, वर्षातून एकदा येणारा. अशी जबाबदार बाई. आणि तीच ते बोलून बसली.

झालं असं, की उदोनच्या मैदानावर ईशान्य विभागाच्या लीगचा अंतिम सामना होता. समोर उदोनचाच संघ, सगळी गर्दी त्यांची. आपल्याकडून सायरुंगने गोल केला, मग त्यांनी केला, आणि जादा वेळ संपला तरी एक-एकच. पेनल्टी आल्या. आपल्या पाचांपैकी चार आत गेल्या. जी गेली नाही ती सायरुंगची. अठरा वर्षांची पोर, संघातली सगळ्यात चांगली खेळाडू, तिचा फटका आडव्या दांड्यावरून गेला तो थेट मागच्या शेवयांच्या गाडीवर. गर्दी हसली. सायरुंग मैदानाच्या मधोमध उकिडवी बसली आणि तिने शर्ट वर ओढून तोंड झाकून घेतलं.

पिकुनने ते पाहिलं. रोज संध्याकाळी सराव संपला की सायरुंग तिच्यावर दहा पेनल्टी मारायची. नऊ वर्षांची होती तेव्हापासूनचा नेम. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा मोडला नव्हता. त्या दहातली एकही कधी दांड्यावरून गेली नव्हती, आणि आज गेली. आता आपण हरलो तर ही पोर जन्मभर ते तोंड शर्टात घालून बसेल, असं पिकुनला वाटलं.

उदोनच्या चारांपैकी तीन गेल्या होत्या. पाचवी मारायला त्यांची ती उंच नऊ नंबरवाली आली. ही अडवली की जिंकलो, नाही तर पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा कोण मारणार? नऊ नंबरवालीने चेंडू ठेवला. पिकुनने जमिनीकडे बघत, ओठ हलवून म्हटलं, "आजोबा, एवढी एक अडवू द्या. मग हवं ते घ्या."

चेंडू तिच्या डाव्या नडगीवर आदळला आणि बाहेर गेला. शिट्टी झाली. अख्खा संघ धावत येऊन तिच्या अंगावर पडला, सगळ्यात आधी सायरुंग. त्या ढिगाऱ्याखाली, तोंडात माती गेलेली असताना, पिकुनला आपण काय बोललो ते कळलं. वरती सगळ्याजणी रडत-हसत होत्या, आणि खाली हिच्या काळजाचं पाणी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा संघ देवराईत गेला. नवस फेडायचा होता, म्हणजे बुन्चू मास्तरांनी रीतसर केलेला. मास्तर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, संघाचे प्रशिक्षक. माणूस कडक, पण आजोबांपुढे वाकणारा. त्यांचं बोलणं अगदी मापात होतं: डुकराची दोन मुंडकी, चार उकडलेल्या कोंबड्या, तीन बाटल्या आणि अकराजणींचा नाच. पोरी कपाळाला चषकाच्या फिती बांधून नाचल्या. गाव टाळ्या वाजवत होतं. पिकुनच्या गळ्यात झेंडूचे सात हार होते आणि जो तो तिची डावी नडगी बघायला मागत होता.

नाच झाल्यावर थोंगदीकाकांनी कोंबड्या हातात घेतल्या. थोंगदीकाका आजोबांचे भगत. आजोबांचं म्हणणं गावाला सांगायचं आणि गावाचं आजोबांना, एवढंच त्यांचं काम. बाकी वेळ ते मासे धरायची जाळी विणतात. कोंबडीच्या जिभेखाली दोन फाट्यांचं एक बारीक हाड असतं. ते उपसून बघायचं. दोन्ही फाटे सारखे वळलेले असले की आजोबा खूश. पहिली कोंबडी सरळ निघाली, दुसरी, तिसरी सरळ. चौथीचा एक फाटा दुसऱ्याला ओलांडून आडवा गेला होता.

थोंगदीकाकांनी ते हाड उन्हात धरून बराच वेळ पाहिलं. मास्तरांचं सगळं पोचलं, असं त्यांनी सांगितलं. पण इथे आणखी कुणीतरी काहीतरी मागितलंय, आणि त्या बोलण्याला माप नाही, मुदत नाही. ते उघडं पडलंय. जिचं असेल तिने मला येऊन भेटावं, मी काही खात नाही, असं म्हणून त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ढोलकीवाल्याने ढोलकी खाली ठेवली तो आवाजसुद्धा मोठा वाटला.

बचावफळीतली लम्याय, जिला गप्प राहताच येत नाही, ती म्हणाली, "मी फक्त रेफरीला शिव्या दिल्या बाई. त्या पण धरतात की काय?" पोरी फिसकन हसल्या. पिकुनही हसली. तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता, आणि ती हसली.

का नाही बोलली? मीही हे पुष्कळदा स्वतःला विचारलंय. एक तर गळ्यात सात हार. दुसरं म्हणजे मोठ्याने बोललं की ते खरं होईल, अशी भीती. मनात आहे तोवर कदाचित आजोबांनी ऐकलंच नसेल, उदोन काय जवळ आहे का. आणि तिसरं, जे तिने स्वतःलाही धड सांगितलं नाही: उघड्या बोलण्यावर आजोबा काय नेतात ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. सगळ्यात लाडकं असेल ते. पिकुनचं सगळ्यात लाडकं काय, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. ते तिच्या शेजारी उभं राहून कोंबडीची तंगडी खात होतं.

त्या दिवसापासून पिकुनला कोंबडी नीट भाजता येईना. गाड्यावर रोज वीस-पंचवीस कोंबड्या सोलायच्या, आणि ती गिऱ्हाईकाची नजर चुकवून प्रत्येकीच्या जिभेखालचं हाड उपसून बघायला लागली. एखादं सरळ निघालं की घटकाभर बरं वाटायचं. पुढचं वाकडं निघालं की लगेच त्याच्या पुढचं उपसायची. एका बाईने विचारलंसुद्धा, पिकुन, मुंडकी कुठे गायब होतात गं तुझ्या कोंबड्यांची? आम्हाला रश्शाला लागतात.

तिसऱ्या दिवशी लम्याय मोटरसायकलवरून पडली. कुत्रं आडवं आलं आणि खांद्याचं हाड मोडलं. पिकुन भेटायला गेली तेव्हा ती पट्ट्यात हात अडकवून बसली होती, आणि चेष्टाही करत होती की आजोबांनी माझ्या शिव्या खरंच धरल्या. पण मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाली, कोण असेल गं ती? आपल्यातलीच आहे आणि मजेत जेवतेय, झोपतेय. सापडली तर मी तिला सोडणार नाही. पिकुन म्हणाली, हो ना. घरी येईपर्यंत तिला दोनदा रस्त्याकडेला बसावं लागलं.

सरावाला पोरी कमी यायला लागल्या. एकीच्या आईने सोडलं नाही, दुसरीने ताप आहे म्हणून सांगितलं. ज्या यायच्या त्या एकमेकींकडे चोरून बघायच्या. चॅम्पियन झालेला संघ, महिन्याभरात देशभरातल्या फेरीला जायचंय, आणि मैदानावर असं वातावरण की सगळ्या सुतकात आहेत. मास्तर चिडले. कुत्री काय फक्त चॅम्पियन लोकांनाच आडवी येतात का, म्हणून ओरडले. पण पिकुनने पाहिलं, की चषक ठेवलेल्या कपाटापुढे त्यांनीसुद्धा रोज उदबत्ती लावायला सुरुवात केली होती.

आणि मग बुधवारी भर दुपारी सायरुंग गाड्यावर धावत आली. हातात फोन, धाप लागलेली. बँकॉकच्या एका मोठ्या क्लबचा माणूस तो सामना बघायला आला होता. चुकलेल्या पेनल्टीचं त्याला काही नव्हतं, गोल आवडला होता. सोमवारी सकाळी आठला निवड चाचणी. रविवारी सकाळी सहाला बाजारातून व्हॅन निघते, तिने जायचं. ओळखपत्र अस्सल पाहिजे, नकल चालत नाही. निवड झाली तर राहायला खोली, शिकायला कॉलेज, सगळं त्यांचं. सायरुंग बोलत होती आणि निखाऱ्यांसमोर उभ्या असलेल्या पिकुनला थंडी वाजत होती. आजोबांना काय हवंय ते आता तिला कळलं. नऊ-दहा तासांचा रस्ता. मालमोटारी. रात्रभर जागलेले ड्रायव्हर. लम्याय म्हणजे नुसती सूचना होती.

शुक्रवारी तिने धीर केला आणि थोंगदीकाकांच्या घराकडे निघाली. सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे. पण ओट्यावर काकांच्या शेजारी खामसिंग बसला होता, बांबू सोलत. बायको गेल्यापासून हा माणूस कुणाशी बोलत नसे. त्याने मान वर करून पिकुनकडे पाहिलं आणि बघतच राहिला, जसं आपल्या गावचं माणूस परमुलखात भेटावं तसं. काकांनी विचारलं, काय गं पोरी, काही काम होतं? तिने हातातली कोंबडीची पुडी ओट्यावर ठेवली, तुमच्यासाठी आणली म्हणाली, आणि परत फिरली.

शनिवारी सायरुंग बॅग भरत होती. बूट, नडगीचे पट्टे, चिकटभाताची टोपली, लम्यायने दिलेली लाल लिपस्टिक. बॅगेची चेन ओढली तेवढ्यात आढ्याला पाल चुकचुकली. दोघींनी वर पाहिलं. घरातून निघताना पाल बोलली की जाऊ नये, एवढं तर आईनेच शिकवलेलं.

"हिला सांग, आल्यावर बोलू," सायरुंग म्हणाली.

"सायरुंग, नको जाऊस."

"पालीसाठी?"

"पुढच्या वर्षी जा. मी येईन सोबत."

"ताई, पुढच्या वर्षी मला कोण विचारणार आहे?" ती हसत होती अजून. "तुला एकटीला करमणार नाही, हे सांग ना सरळ. रोज फोन करीन. पेनल्टी मारायला लम्यायला बोलव, तिचा एक हात चांगला आहे."

पिकुनने पुन्हा म्हटलं, जाऊ नकोस. का ते मात्र तिला सांगता आलं नाही. मग सायरुंगचं हसू गेलं. ती म्हणाली की अख्ख्या गावात मला जा म्हणणारी तू पहिली असशील असं वाटलं होतं. आणि ती आंघोळीला गेली.

तिचं पाकीट चटईवर पडलं होतं. पिकुनने ओळखपत्र काढलं. फोटोत सायरुंगने डोळे मोठे केले होते, कारण फोटोवाला डोळे मिटू नकोस म्हणाला होता. पिकुनने ते तांदळाच्या पिंपात, वाकून हात घालून, तळाशी खुपसलं. वरून तांदूळ सारखे केले. पोर जिवंत राहिली म्हणजे झालं, बाकी सगळं नंतर बघू, असं ती स्वतःशी म्हणत होती.

रविवारी सकाळी जे व्हायचं ते झालं. पाकीट झटकलं, बॅग उलटी केली, चटया उचलल्या. पिकुनही शोधत होती. गुडघ्यांवर रांगत पलंगाखाली शोधत होती, लाज कशी वाटली नाही कोण जाणे. तिकडे बाजारात व्हॅनवाला दहा मिनिटं थांबला, हॉर्न वाजवला, आणि बाकीच्या प्रवाशांनी आरडाओरडा केला तसा गेला. मास्तरांनी क्लबला फोन लावला. तो माणूस सभ्य होता, पण ओळखपत्राशिवाय नाव लिहिता येत नाही आणि चाचणी उद्याचीच, म्हणाला. तालुक्याची कचेरी रविवारी बंद. सायरुंग रडली नाही. बॅग मांडीवर घेऊन पायरीवर बसली, ऊन पायावर आलं तरी बसली होती. पिकुनने अंड्याची पोळी केली, ती तशीच गार झाली.

दिवसभर पिकुन एका बातमीची वाट बघत होती. खोटं कशाला बोला, ती वाट बघत होती, की व्हॅनचं काहीतरी झालं म्हणून कळेल आणि आपण केलं ते बरोबर ठरेल. पाचला मास्तरांनी सांगितलं की व्हॅन वेळेत पोचली. सगळे खुशाल. एका बाईने नेलेली जिवंत कोंबडीसुद्धा खुशाल.

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट आता तिची पाचावर धारण बसली. रस्त्यावर नाही, तर मग कुठे? सायरुंग जेवायला बसली तर माशाचा काटा दिसायचा. तळ्यावर गेली तर तळं दिसायचं. विजेच्या बटणाला हात लावला तर पिकुन ओरडली, आणि सायरुंगने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हिला वेड लागलंय. राखणार तरी किती आणि कुठून? गोलपोस्टाला निदान दोन खांब असतात.

सोमवारी सकाळी, चाचणीची आठची वेळ टळल्यावर, ती थोंगदीकाकांकडे गेली आणि या वेळी ओट्यावर कोण बसलंय ते पाहिलं नाही. पायांशी बसून तिने सगळं सांगितलं. पेनल्टी, ओठ हलवले ते, चौथं हाड, तांदळाचं पिंप. काकांनी जाळं बाजूला ठेवलं. कपाळाला हात लावला. मग त्यांना रागच आला. म्हणाले, पहिल्याच दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना, येऊन भेट म्हणून? मी कशासाठी बसलोय इथे? आजोबांशी बोलून माप ठरवून घेतलं असतं. एक कोंबडी, एक बाटली, फार तर दोन. घाबरलेल्या पोरीच्या तोंडून काहीतरी निघतं, हे त्यांना कळत नाही असं वाटलं की काय तुला? खामसिंगचं निराळं. तो चार महिने आला नाही, आला तो बायकोला जाळून आला.

"आता चालेल?" पिकुनने विचारलं.

"चल. विचारू," काका म्हणाले.

भर दुपारी दोघं देवराईत गेले. तिने गाड्यावरची सगळ्यात चांगली कोंबडी आणली होती, उकडून, आणि एक बाटली. काकांनी दारू ओतली आणि कमी ऐकू येणाऱ्या शेजाऱ्याशी बोलावं तसं आजोबांशी मोठ्याने, सावकाश बोलले. पोरगी चुकली, बेमाप बोलली, आता माप घेऊन आलीय. एक कोंबडी, एक बाटली. पिकुन कपाळ जमिनीला टेकून बसली होती. मुंग्या तिच्या हातावर चढत होत्या, पण तिने हात हलवला नाही.

काकांनी हाड उपसलं. दोन्ही फाटे सरळ, सारखे, एका मापाचे. पिकुनला हुंदका फुटला. पण काका डोळे मिटून बसले, हाड बोटांत फिरवत राहिले.

"घेतलं ना त्यांनी?" तिने विचारलं. "कोंबडी घेतली ना?"

"कोंबडी ठेव म्हणतात, राहू दे. पण त्याची गरज नव्हती म्हणतात." काकांनी डोळे उघडले. "त्यांना त्यांचं मिळालंय. कालच मिळालं."

"काल काय मिळालं?"

"ते मला नाही सांगितलं. मी नुसता निरोप्या, पोरी."

पिकुन घरी कशी आली ते तिला आठवत नाही. सायरुंग पायरीवर बसली होती. शेजारी चिकट तांदूळ भिजवायचं पातेलं, आणि गुडघ्यावर ते ओळखपत्र, तांदळाच्या पिठाने पांढरं झालेलं. पिंपात तांदूळ तळाला गेला होता, म्हणून तिने पिंप कलतं केलं होतं. पिकुनच्या डोक्यात तांदूळ किती उरलाय हे आलंच नव्हतं.

पिकुनने तिलाही सगळं सांगितलं. इतके दिवस जे एका माणसाला सांगता आलं नाही ते त्या दिवशी दोनदा सांगून झालं. सायरुंग ऐकत होती. मध्येच तिने ओळखपत्र शर्टाला पुसलं आणि फोटोकडे पाहिलं.

"थोंगदीकाकांचं घर चार घरं सोडून आहे," ती शेवटी म्हणाली. "मला सांगायचंस. मी तुला कान धरून नेलं असतं."

"मला भीती वाटली गं. तुझ्या जिवाची."

"माहीत आहे." तिने ओळखपत्र खिशात घातलं. "ताई, दांड्यावरून मी मारला होता. ती चूक माझी होती. हरलो असतो तर महिनाभर रडले असते, आणि पुढच्या वर्षी आत मारला असता. ते तू मला करू द्यायला हवं होतंस."

आवाज चढवला नाही. पातेलं उचलून ती आत गेली आणि तांदूळ धुवायला लागली. पिकुन पायरीवर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिली. दोन दिवसांपूर्वी हाच आवाज ऐकून तिला वाटलं असतं, पोर घरात आहे, जिवंत आहे. आताही पोर घरातच होती.

उघडं बोलणं मिटलं म्हणून काकांनी गावात सांगितलं. कुणाचं ते सांगितलं नाही, म्हातारा शब्दाचा पक्का. मंगळवारी शाळेच्या मैदानावर सरावाला सगळ्याजणी आल्या. लम्यायसुद्धा गळ्यात हात बांधून आली आणि कडेला बसून सगळ्यांना सूचना देत होती. पोरी पुन्हा मोठ्याने हसत होत्या. मास्तरांनी देशभरातल्या फेरीसाठी संघाची नावं वाचली: गोलकीपर पिकुन, आघाडीला सायरुंग. सायरुंग चांगली खेळली. पास देताना ताईला हाक मारली, परत मागताना मारली. बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

सराव संपला. पोरी पाणी प्यायला गेल्या. पिकुन हातमोजे न काढता गोलात उभी राहिली, नऊ वर्षं राहायची तशी. सायरुंगने चेंडू आणला. पेनल्टीच्या जागेपर्यंत आली, चेंडू ठेवला, दोन पावलं मागे गेली. पिकुनने गुडघे वाकवले. सायरुंग थांबली. मग तिने वाकून चेंडू उचलला, काखेत मारला आणि अख्खं मैदान ओलांडून पलीकडच्या रिकाम्या गोलाकडे चालू लागली.

तिथे कुणी नव्हतं. तिने दहा मारल्या, दहाही आत गेल्या, आणि प्रत्येक वेळी जाळीतून चेंडू तिनेच काढून आणला. पिकुन आपल्या गोलात उभी होती. तिला कशाचीच भीती वाटत नव्हती, ना रस्त्याची, ना तळ्याची, ना पालीची. दहावी झाल्यावर सायरुंगने बूट काढले, खांबावर आपटून माती झटकली आणि शाळेच्या मागच्या फाटकाने घरी गेली.